मिस्त्रींनी नडगीवर पाणी मारलं!

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं, शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून नाही! ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यावरचा भार काढून घ्यावा, की त्याच्यावर भार टाकावा?

'काढून घ्यावा!' — वा वा! एका सुरात! आरतीला कधी लागत नाही असा सूर! बरं, तुमचं उत्तर जपून ठेवा. आता इराप्पा मिस्त्रींची गोष्ट ऐका.

इराप्पा मिस्त्री कोण, हे गावाला सांगायला नको. पण आज पाहुणेमंडळी पुष्कळ दिसतात, म्हणून सांगतो. वर बघा! अहो, मान वर करा! सिद्धनाथाच्या या सभामंडपाचा स्लॅब त्यांनीच टाकलाय. माणूस गुणी, पण स्वभाव कसा? एकदा बसवलं ते हलता कामा नये! वीट हलायची नाही, चौकट हलायची नाही, आणि चहाला बसले की मिस्त्री स्वतः हलायचे नाहीत!

आणि बायको सोनाक्का? ती बसायचीच नाही! नागपंचमीला वारुळापुढं तिनं फुगडी धरली की समोरच्या बाईचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. तिच्याबरोबर खेळलेल्या बायका रात्री पलंगाचा कठडा धरून झोपायच्या — घर फिरतंय म्हणून! का हो, हसताय म्हणजे तुम्हीही त्यातल्याच!

तर याच मंडपाचं काम चाललेलं. जिन्याला कठडा नव्हता. "उद्या बांधू" — हे मिस्त्रींचे शब्द. सोनाक्का डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन वर निघाली, पाय घसरला, आणि... मृदंगवाले, द्या एक थाप! — हां! अगदी अस्साच आवाज! नडगीचं हाड मोडलं.

बाई ओरडली का? छे! म्हणाली, "अवो, आदी भाकरी गोळा करा, कुत्रं यील." पण मिस्त्री पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. एक कठडा! सगळ्या गावाची घरं बांधली, आणि बायको चढणार त्या जिन्याला कठडा नाही! त्यांनी मनाशी धरलं — पंचमीला ही फुगडी खेळली तरच मी या देवळात तोंड दाखवीन. आणि कठड्याचं? ते ओठावर येईना. पोटातच राहिलं.

तालुक्याला नेलं. शिकलगार नावाच्या डॉक्टरीणबाईंनी हाड जुळवलं, प्लास्टर घातलं, आणि समोर मिस्त्री बसलेत म्हणून त्यांच्याच भाषेत समजावलं, "मिस्त्री, हाड तुमच्या स्लॅबसारखं असतं बघा. आत चिवट धाग्यांचं जाळं, ते तुमचं लोखंड. त्यावर चुन्याच्या जातीचे क्षार, ते तुमचं सिमेंट. नुसते धागे वाकतील, नुसते क्षार फुटतील. दोन्ही मिळून माणूस उभा राहतो."

झालं! मिस्त्रींचा चेहरा खुलला. स्लॅब ना? मग स्लॅब टाकल्यावर काय करतात? गवंडीकाम केलेलं कोण आहे इथं? बोला मोठ्यानं! — पाणी मारतात! बरोब्बर!

मिस्त्रींनी घरी येऊन प्लास्टरवर गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ नळीनं पाणी सोडलं! सोनाक्का किंचाळायची, "अवो, गार लागतंय!" हे म्हणायचे, "गप पड! पानी कमी पडलं की तडा जातूय!" अशानं प्लास्टरचं काय होणार? चहात विसरलेल्या टोस्टचं होतं तेच झालं! लगदा! पुन्हा गाडी, पुन्हा तालुका.

डॉक्टरीणबाई आधी टेबल धरून हसल्या, मग चिडल्या, मग नवं प्लास्टर घातलं, आणि म्हणाल्या, "चूक माझीच. मी अर्धंच सांगितलं. मिस्त्री, तुमच्या स्लॅबच्या आत कोणी राहत नाही. हाडाच्या आत गाव राहतं!"

मंडळी, काय गाव म्हणता! पेशींचं गाव! त्यातल्या काही बांधणाऱ्या — थरावर थर रचत जातात. आणि काही कामात इतक्या रंगतात, इतक्या रंगतात, की आपणच रचलेल्या भिंतीत चिणल्या जातात! मरतात का? नाही! तिथंच छोट्याशा खोलीत बसतात, केसाहून बारीक बोळांतून हात लांबवतात, शेजारणीचा हात धरतात, आणि पहारा करतात. भार कुठं पडतोय? 'इकडं पडतोय, पाठवा गवंडी!' असा सांगावा बसल्या जागेवरून धाडतात. आहे का असा ग्रामपंचायतीचा कारभार? सरपंच, खाली बघू नका, गंमत केली!

आणि तिसऱ्या? तिसऱ्या तोडणाऱ्या! आम्ल सोडून जुनं हाड विरघळवणाऱ्या! बाईंच्या तोंडून हे ऐकलं आणि मिस्त्री ताडकन उभे. "तोडनारे? हिच्या पायात? आदी त्यास्नी भाईर काडा!"

काही दिवसांनी एक्स-रेचा फोटो काढला, तर मोडल्या जागी हाडाचा गोळा. मिस्त्री पुन्हा पेटले. "ह्ये कुनाचं काम? नुसता गोळा लिंपलाय! असला गवंडी मी दुपारीच घरी धाडला असता!"

"थांबा हो!" बाई म्हणाल्या. "आधी मऊ कूर्चा भरते, नाकाच्या शेंड्यात असते तशी, मग घाईघाईचं हाड. त्याचाच हा गोळा. आता तोडणाऱ्या येऊन तो तासतील, बांधणाऱ्या मागोमाग नीट भरतील. तोडणाऱ्या नसत्या तर हाड जुनं ते जुनंच राहिलं असतं — दगडासारखं घट्ट, आणि खडूसारखं मोडणारं."

ए पुढची पोरं, खिदळता काय? तुमच्या लांब हाडांच्या टोकांशी तीच कूर्चा आहे, तिची पट्टी! तिथं नवं हाड वाढतंय, म्हणून चड्ड्या आखूड होतात! मोठे झालात की त्या पट्टीचंच हाड होतं, उंची थांबली! पण डागडुजी? ती आमच्या या आजोबांच्या हाडातही आत्ता, याक्षणी चालू आहे. आजोबा झोपलेत, पण कामगार जागे आहेत!

प्लास्टर निघालं. बाईंनी बजावलं, "आता पायावर भार द्यायचा. हळूहळू, पण द्यायचाच. भार नाही पडला तर पहारेकरणी गप्प बसतात. मग बांधणाऱ्या येत नाहीत, तोडणाऱ्या मात्र येतच राहतात. हाड आतून पोकळ होतं."

मिस्त्रींनी मान डोलावली. ऐकलं का? अजिबात नाही! घरभर कठडे बांधले! पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून चुलीपर्यंत. सोनाक्कानं पाय टेकला की हे उचलून घ्यायचे, सगळी आळी बघायची! तिनं तांब्या उचलला, हे हिसकावून घ्यायचे. "तू बस! तू बस!" बसून बसून पायाची काटकी झाली.

पंचमी आली. वारुळाकडून बायकांची गाणी ऐकू येतात, आणि सोनाक्का दारात बाजल्यावर. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "अवो, जिन्यावरनं पडले तवा एकच हाड मोडलं. आता तुमी समदी मोडायला बसलाय."

मिस्त्रींच्या पोटातलं एकदम बाहेर आलं. "पुन्ना पडलीस तर? सोने, त्यो कठडा मी बांदला न्हवता गं! माज्यामुळं..."

"ठावं हाय की! त्याच दिशी ठावं हुतं. म्हनून जलमभर मला उचलून हिंडनार? उटा. द्या हात."

"कशाला?"

"फुगडीला!"

मिस्त्री! फुगडी! जो माणूस चहाला बसला तरी हलत नाही, तो! अंगणात दोघं पायाला पाय लावून उभी राहिली, हातांची अढी घातली. पण मिस्त्री मागं झुकेनात, सगळा भार आपल्याच अंगावर घेऊन खांबासारखे ताठ. फुगडी फिरेना! सोनाक्का ओरडली, "टाका की भार माज्यावर! टाकल्याबिगर फिरत न्हाई!"

मिस्त्रींनी डोळे मिटले, सिद्धनाथाचं नाव घेतलं आणि झुकले! फिरली! मंडळी, फुगडी फिरली! टोपी उडाली, कठडे फिरले, बाजलं फिरलं, आळी फिरली! किती फिरली? दीडच फेरी! मिस्त्री गरगरून खाली बसले. आणि सोनाक्का? उभी! आपल्या दोन पायांवर, कशालाही न धरता, पोट धरून हसत उभी!

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पहार घेतली आणि घरातले सगळे कठडे स्वतःच्या हातानं फोडले. देवळाच्या जिन्याला मात्र बांधला. तो आजही आहे, जाताना हात लावून बघा.

आता सांगा, भार काढून घ्यावा की टाकावा? मघाचा सूर कुठं गेला? पोराचं दप्तर तुम्ही उचलता, आईला 'तू बस, तू बस' म्हणता, आणि वर तिलाच विचारता, आई, तू अशी पोकळ का गं झालीस! जीव लावा, हात पुढं ठेवा, पण माणसाला त्याचा भार राहू द्या.

चला, आरतीची वेळ झाली. ते पितळेचं मोठं ताट आणा. सोनाक्का, पुढं या! तुम्ही धरायचं. जड आहे? असू दे, जडच आहे. आणि मिस्त्री — हां हां! उठू नका! हात खाली!