पट्टा शेवटपर्यंत ओढ

दातांच्या दवाखान्यात मावशी जुनी गाडी घ्यायला निघालेल्या भाच्याला फैलावर घेत होती. शेजारी बसलेला शिंपी गाल धरून ऐकत होता.

"अगं मावशी, गाडी नवीकोरी दिसते!"

"दिसते! फोनवर नंबर टाकून बघितलास?"

"बघितला, फुकटात. मालक एकच, विमा चालू, दंड नाही."

"आणि पुरात बुडाली होती का, ते फोन सांगतो?"

"ते कसं कळणार?"

"सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. विकणारे गाडी धुतात, पुसतात, अत्तर मारतात. आत गुंडाळलेला पट्टा कुणाच्या लक्षात येत नाही. चिखलाची रेघ तिथेच सापडते. तेही फुकटात!"

"मालक चिडला तर?"

"मग तर नक्कीच ओढ."

शिंप्याचा नंबर पुकारला. पण तो ठणकता दात विसरून, काल घेतलेल्या गाडीची किल्ली मुठीत आवळून, धडाधड जिना उतरत होता.