समुद्र कोमट झाल्यावर

समुद्राला ताप आलाय रे, तापाची एक गोळी टाक त्याच्यात, असं वामनकाका पाण्यात हात बुडवून बाबांना म्हणाले आणि जेटीवरचे सगळे हसले. वामनकाका बाबांच्याच बोटीवर असतात. आई आणि मी डबा द्यायला आलो होतो. मला हसू आलं नाही.

काय सांगू तुम्हाला, मला असं कुणी बोलायला लावलं की सुचतच नाही. आम्ही धाकट्या डहाणूचे. आजोबांची शिडाची होडी होती, ते पहाटे जायचे आणि दुपारी घरी जेवायला यायचे, मासे इथेच होते ना, समोर. बाबांनी मशीनची बोट केली. त्या बोटीच्या डिझेलवरच मी इंग्लिश मीडियमला शिकले, हे मी विसरत नाही. आणि शाळेत आम्हाला शिकवलं काय, तर डिझेल, कोळसा जाळून हवा तापते, मग समुद्र तापतो, आणि तापलेल्या समुद्रावर वादळ लवकर जोर धरतं. मी ते उत्तर इंग्रजीत लिहिलं, पैकीच्या पैकी मिळाले. घरी मात्र कधी बोलले नाही. मराठीत समजवायला गेले की माझं वाक्य मध्येच अडकतं आणि चुलतभावंडं हसतात, आली बघ मॅडम म्हणून.

आता मासे समोर नाहीत. बाबा म्हणतात, किनाऱ्याचं पाणी कोमट लागतं, मासा खोल, गार पाण्याकडे सरकला. म्हणून बोटी लांब जातात, तीन-चार दिवस येत नाहीत, डिझेल जास्त, बर्फ जास्त, आणि वारा फिरला तर परतीची वाटही तेवढीच लांब. मला भीती वाटते ती ह्याचीच. गेल्या वर्षी असंच झालं, जाताना आभाळ स्वच्छ, बंदरावर धोक्याचा बावटा नाही, आणि लांब गेल्यावर वारा असा चढला की बाबांनी जाळं कापून टाकलं आणि नुसता जीव घेऊन आले. आल्यावर दोन दिवस ओटीवर बसून होते, चहा दिला तरी कप तसाच. वामनकाका मात्र सगळ्यांना रंगवून सांगत होते, लाट केवढी, तर माझ्या घराएवढी, तुझ्या नाही, तुझं लहान आहे.

तेव्हापासून मी फोनवर हवामान बघायला लागले. एकदा धीर करून बाबांना सांगितलंसुद्धा, आज नका जाऊ. ते थांबले, त्यांचं बघून आणखी दोन बोटी थांबल्या, आणि वादळ वर गुजरातकडे वळलं, इथे लख्ख ऊन. मग काय, मी बाजारात दिसले की कोणीतरी विचारायचंच, काय मॅडम, आज बोंबील वाळत घालू ना, की वादळ आहे? त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

तर त्या दिवशी, दिवाळी जवळ आलेली, मी जेटीवर उभी, आणि फोनवर दिसत होतं, लांब समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. समुद्रात जायला बंदी नव्हती, बावटा नव्हता, वादळ होऊ शकतं, एवढंच. बाबांनी डबा घेतला, म्हणाले, घरी जा, ऊन लागेल. मी मान हलवली. मशीन सुरू झालं, दोर सुटला.

आमच्यात एक पाळतात, बोट सुटली की मागून हाक मारायची नाही. कोणी काही विसरलं तरी नाही. आई तर लगेच पाठ फिरवते, बघतसुद्धा नाही. ती तशीच वळली, मला म्हणाली, चल. सगळे बघतील, हसतील, काही झालं नाही तर ह्या वेळी वर्षभर हसतील, आणि झालं तर, तर मी कुणाला सांगू की मला माहीत होतं. बोट आणि जेटीच्या मधलं पाणी वाढत चाललं होतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की आईनं माझा दंड धरला, बाबा, मागे फिरा, मला खूप भीती वाटतेय, मागे फिरा.