गॅरेजात मावणारी नाव

—नाही, नाही, टेप अशी लोंबकळत धरू नका, उल्हासराव, मागच्या भिंतीला टेकवा. टेकवली? आता सरळ दारापर्यंत या. त्या परातीला पाय लावू नका, सांडगे आहेत, आमची ही, शरदिनी, ओरडेल. गॅरेजात सांडगे कसे, असं विचारायचंय ना तुम्हाला? मग दुसरं ठेवायचं काय इथं? गाडी? गाडी नाही आमच्याकडे. कधीच नव्हती. स्कूटर आहे, ती जिन्याखाली मावते. गॅरेज इंजिनिअरनं नकाशात काढलं होतं, निळ्या कागदावर छान दिसत होतं, म्हटलं असू द्या. बँकेतनं रिटायर झालेला माणूस सिगऱ्यासारख्या नव्या वस्तीत घर बांधतो आणि गॅरेज नको म्हणतो, बरं दिसतं का ते? समोरच्या त्रिपाठींच्या गॅरेजात गाडी आहे, पण चालवता येत नाही म्हणून ते तिला रोज सकाळी नुसते पुसतात. त्यापेक्षा आमचे सांडगे बरे, खाता तरी येतात.

बसा. स्टूल हलतंय, जरा सांभाळून. आणि रविवारी बोलावलं म्हणून नाक मुरडू नका. रविवारी दुपारी मला काम नसतं. आधी असायचं, आता नसतं. पत्ता सापडायला त्रास झाला म्हणालात ना? होणारच. कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा हात सवयीनं ब्रह्मा घाटच लिहून गेला. जन्म तिथं गेला, हाताला काय कळतंय घर बदललं ते! मतलब तुम्ही आधी तिकडे गेलात? थेट पायऱ्यांवर? मग इथला पत्ता कुणी सांगितला?—जाऊ द्या, कोणीही सांगितला असेल, तिथं रिकामटेकड्यांची कमतरता नाही. मला ऐकायचंही नाही. तुम्ही तो कॅटलॉग काढा.

हां. ही का ती? फायबरची? गुळगुळीत आहे, बाळाच्या बाथटबसारखी. आणि खाली ही चाकं, हा ट्रेलर. छान. नावेवरून उतरायचं, नाव चाकांवर चढवायची, घरी आणायची, गॅरेजात ठेवायची, कुलूप लावायचं. कुणाच्या बापाची भीड नाही. हेच हवंय मला. घाटावर नाव बांधली की ती आपली राहते का? मल्लाहांची, नावाड्यांची पोरं तिच्यावरून उड्या मारणार, बोकड येऊन झोपणार, आणि शहाणी माणसं बिनविचारता बसून चहा पिणार. गॅरेजातल्या नावेत कोण बसेल? मी बसेन. लिहून घ्या, वापरणारी माणसं—एक.

काय म्हणता, ओढायला जीप लागते? स्कूटरनं नाही ओढली जात? अगदी हळू नेली तरी? हं. ही गोष्ट जाहिरातीत ठळक छापायची होती, तुम्ही तिथं पोहण्याच्या कपड्यातली बाई छापलीत. असू दे, ठेलेवाला करीन. इथं ठेल्यावर आख्खं लग्न जातं, पलंग-कपाटासकट, नाव काय जड आहे! आणि पाण्यात उतरवायला उतार लागतो? साहेब, तुम्ही काशीत आलाय. इथं गंगेला उतार नाही, पायऱ्या आहेत, तुम्ही सकाळी उतरलाच असाल, पोटऱ्या दुखत असतील. पुण्यात बसून ट्रेलर बनवणाऱ्याला हे सुचलंच नसणार, की एखाद्या गावात नदीकडे जायला नुसता जिनाच असतो. घाबरू नका, मी सगळा विचार केलाय. रामनगरच्या पिप्यांच्या, म्हणजे तरंगत्या पुलापाशी कच्चा उतार आहे. तिथं नाव पाण्यात सोडायची. मग वल्हं मारायची पण गरज नाही, धार आपोआप खाली आणते, अस्सी, दशाश्वमेध, पंचगंगा, मग ब्रह्मा घाट. ब्रह्मा घाटासमोर मी जरा वेळ थांबणार. काही नाही, नुसता थांबणार. घड्याळ बघणार, सुपारी कातरणार, आणि त्यांच्याकडे न बघता निघून जाणार.

त्यांच्याकडे म्हणजे—आता तुम्हाला सगळंच सांगायला हवं का? बरं, चहा येईपर्यंत ऐका. आम्ही चौघे. मी, बिंदुमाधव, यज्ञेश्वर आणि काशीनाथ. एका गल्लीतले, एका पाठशाळेत छड्या खाल्लेले. बिंदुमाधवाकडे वडिलांपासूनची लाकडी नाव, ती अशी गळते की त्याच्या मल्लाहानं वल्हवायचं आणि आमच्यातल्या एकानं डब्यानं पाणी उपसायचं. दर रविवारी चारला ती सुटायची, उस पार. म्हणजे पलीकडच्या वाळूत. तुमच्या पुण्यात लोक डोंगरावर जातात ना उगाच चढायला, तसं बनारसी माणूस गंगेपलीकडे जातो, उगाच. तिकडे काय आहे? काही नाही! म्हणूनच तर जायचं. यज्ञेश्वर पाटा-वरवंटा घेऊन भांग वाटत बसणार, काशीनाथ टकलावर ओलं फडकं टाकून जगातल्या सगळ्यांना शिव्या घालणार, बिंदू कंबर धरून वाळूत आडवा पडणार. मग अंघोळ. ते तिघं अंगाला गंगेची माती फासायचे, आणि मी साबण. चंदनाचा. लाल डबी होती माझी. डबी काढली की तिघं एका सुरात ओरडायचे, ‘नवरी आली, नवरी आली!’ दर वेळी तोच विनोद, बरं का, इतक्या वर्षांत एक नवा सुचला नाही त्यांना. ती डबी मी नावेतच ठेवायचो, मागच्या फळीखाली. गेली असेल आता. बिंदूनं माझा साबण घाटावरच्या म्हशींना लावला असेल.

मग आम्ही हे घर बांधलं. वास्तुशांतीला आले तिघं, पोटभर जेवले, आणि मग या गॅरेजात उभे राहून हसायला लागले. गाडी कुठाय रे? इथं काय ठेवणार, नाव? यज्ञेश्वर तर भिंतीला टेकून हसत होता, चुना लागला सदऱ्याला तरी हसत होता. त्यांना वाटलं नरहर बडा साहेब झाला, त्याला आता गल्ली लहान पडायला लागली. वाटू द्या. पण रविवार सोडला नाही मी. सिगऱ्याहून रिक्षा, मैदागिनच्या चौकात जाम, मग गल्ल्या, मग पायऱ्या, कधी थोडा उशीर होणारच की. थांबायचे आधी. मग कुरकुरायला लागले. आणि फाल्गुनात एकदा मी शेवटच्या पायरीवर पोचतो तर नाव सुटलेली. लांब नव्हती हो, बोलणं ऐकू येत होतं इतक्यावर. मी हाक मारली. बिंदूनं वळून बघितलं. मल्लाहाला थांब म्हणायचं ना? दोन हात वल्हं मागं मारायचं ना? तर हा उभा राहिला नावेत, कमरेवर हात ठेवून, आणि भर घाटावर ओरडला, ‘का गुरू! गैरेज से आपन नाव निकालऽ, आवऽ!’ गॅरेजातनं तुझी नाव काढ आणि ये, म्हणे. सगळा घाट हसला. पंडे हसले, म्हशीवाला हसला, एक फ्रेंच बाई होती फोटो काढत, तिला काही कळलं नाही, तीसुद्धा हसली.

त्या दिवसापासून मी घाटाचं तोंड बघितलं नाही. दसरा आला, दिवाळी गेली, नाही म्हणजे नाही. आणि ठरवलं, नाव काढ म्हणतोस ना? काढतो. गॅरेजातनंच काढतो. म्हणून तुम्हाला पत्र. हसताय तुम्ही, उल्हासराव. पुण्याची माणसं तोंड मिटून हसतात, मला कळतं.

चला, कामाचं बोला. ही पुढच्या पानावरची दाखवा. हिला मागं टेकायला काही आहे का? नाही कसं, हवंच. टेकल्याशिवाय बिंदूची कंबर—म्हणजे माणसाची कंबर दुखते हो, या वयात. आणि मधला भाग सपाट आहे ना? पाटा नीट राहायला पाहिजे, हलला तर भांग सांडते आणि मग यज्ञेश्वर तासभर घराण्याचा उद्धार करतो. वर छप्पर बसतं? कापडी चालेल, टकलाला ऊन नको. कुणाच्या म्हणजे? माझ्या! मला केस आहेत हे मला माहीत आहे, जातील की पुढेमागे. तुम्ही छप्पर बसतं की नाही तेवढं सांगा. बसतं. ठीक. मग ही. ही चौघांची आहे ना? हीच हवी. मघाशी एक म्हणालो होतो? मग एकट्या माणसानं ऐसपैस बसू नये का? तुमच्या कंपनीची काही हरकत?

आणि परत कसा येणार म्हणजे? धारेच्या उलट? रामनगरपर्यंत वल्हवत? या हातांनी? छे, वेड लागलंय का! बिंदूच्या नावेला मागं दोर बांधला की त्याचा मल्लाह ओढून—

हं. टेप लावा. काय झालं? येत नाही? दार लागणार नाही? ट्रेलरचा दांडा बाहेर राहतो? नीट बघा परत. शरदिनीच्या देवघरासाठी मागची भिंत पुढे ओढली होती, तेवढंच नडलं बघा, देवानं. त्या इंजिनिअरला तेव्हाच म्हटलं होतं मी, नावेचा विचार कर, नाही, तेव्हा नव्हतं म्हटलं. मग कुठली बसते? ही? ही छोटी? बिलकुल नेमकी बसते, दांड्यासकट, दार लावून. वा. आणि किती माणसं? दोन. दोनच.

दोघांची घेऊन मी काय करू? मी आणि मॅडम? कोण, शरदिनी? अहो, ती पायऱ्या उतरू शकत असती तर हे सिगऱ्याचं भूत डोक्यावर कशाला घेतलं असतं मी? गुडघे गेलेत तिचे. तिथं दूध आणायला पायऱ्या, देवळात पायऱ्या, मंगला गौरीला जायचं तर पायऱ्याच पायऱ्या, न्हाणीतसुद्धा दोन पायऱ्या. रोज रात्री शेक घेताना तोंडात पदर धरायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. इथं एक पायरी नाही घरात, बघितलंत? मी इंजिनिअरला एवढंच सांगितलं होतं, बाकी हवं ते काढ, गॅरेज काढ, पण पायरी काढू नकोस.—हळू बोला, स्वयंपाकघरात आहे ती. नाही, त्यांना नाही सांगितलं. कसं सांगणार? घाट सोडला तो बायकोच्या गुडघ्यांसाठी, असं त्या तिघांना सांगायचं? वर्षभर पुरवून पुरवून हसले असते. बडा साहेब झाला म्हणून हसले ते परवडलं. आणि तिचं म्हणणं, माझी दुखणी घाटावर नकोत. म्हणून गप्प बसलो. तुम्ही परके, उद्या गाडीत बसून जाल, म्हणून तुमच्यासमोर निघून गेलं तोंडातनं. विसरा.

काय? निरोप? कुणाचा निरोप? आल्यापासून सांगायचा प्रयत्न करताय? मग सांगायचा ना! मी कुठे बोलू दिलं नाही? बरं, बोला.

घाटावर पत्ता सांगितला तो म्हातारा. कसा होता? उठताना कमरेवर हात ठेवला? मग झालं, पुढचं वर्णन नको. त्याला सांगितलंत तुम्ही, नाव विकायला आलोय म्हणून? सांगितलंत! मग हसला असेल. नाही हसला? मग काय म्हणाला?

परत सांगा.

‘नवरीला सांग, तिची साबणाची डबी नावेत पडलीय. दर रविवारी ती सरकवून बसावं लागतं आम्हाला. येऊन घेऊन जा म्हणावं.’

असं म्हणाला? दर रविवारी सरकवून? मागच्या फळीखाली असते ती, तिथं मीच बसायचो, म्हणजे माझ्या जागेवर—बघा, काय बेशरम माणूस आहे! अडचण होत होती तर फेकायची होती डबी. गंगा काय लांब होती? हात लांब केला की गंगा. म्हशीला लावायचा होता साबण. फाल्गुनापासून सरकवतायत, मूर्ख, तिघंच्या तिघं मूर्ख, एकालाही सुचलं नाही—काही नाही हो, धूळ गेली डोळ्यात. गॅरेज कोण झाडतंय इथं!

किती वाजले? तीन? तुमचं घड्याळ पुण्याचं, पुढे असेल. टेप गुंडाळा, उल्हासराव. नाही, छोटी नको. मोठीही नको. लिहा काय लिहायचं ते कंपनीला, लिहा की काशीत पायऱ्या फार आहेत. कॅटलॉग राहू द्या, बिंदूला दाखवायचाय, टेकायची फळी कशी असते ते. चहा? चहा कोपऱ्यावर चांगला मिळतो, तिथं घ्या. अहो, उठा ना, स्टूल आत ठेवायचंय मला. आणि जाताना त्या रिक्षावाल्याला थांबवा, म्हणावं मैदागिन, जाम असेल तर उचलून ने पण चारच्या आत.

शरदिनी! अगं, माझा पंचा दे लवकर. नाही, साबण नको. साबण तिकडे आहे.