खंडेनवमीचा टॅब

“मावशी, खडू-फळ्याचं युग संपलं. अखिल विश्वाचं ज्ञान आता या पिशवीत सामावलेलं आहे!”

मांडीवरची पिशवी थोपटत गुरुजींनी शेजारच्या बाईला हे सुनावलं. इंदापूर-बारामती गाडीत त्यांच्या मागंच बसलेल्या जोतीरामानं झोपेचं सोंग घेतलं आणि कान तेवढे जागे ठेवले.

“काय हाय त्यात, गुरुजी?”

“टॅब. आमच्या शाळेला मिळाला. मुलं यावर बोट फिरवून शिकतात.”

“मग तुमी काय करता?”

“मी तो सांभाळतो. शाळेतून चोरीला जाईल म्हणून घरीच ठेवतो.”

“मग पोरांनी बोट फिरवलं कवा?”

“आज फिरवतील. अकरा वाजता साहेब तपासणीला येणार आहेत. टॅब बंद दिसला, तर दुसऱ्या शाळेला देणार.”

“मग करा की चालू.”

“चार्ज हुईना, मावशी. पावर बँक आणलीय, पर वायर आत जाईना.”

“आपटला व्हय?”

“आपटतोय कशाला! खंडेनवमीला आईनं खुरपं-कुऱ्हाडीसंगं ह्याचीबी पूजा केली. समदं भोक हळदी-कुंकवानं भरलंय.”

“चुकलं काय त्यात? आमी ट्रॅक्टरची करतोच की. नारळ फोडला का?”

“ह्याच्यावरच फोडाय निघाली हुती. मी आडवा पडलो.”

“तरीच! नारळाबिगर कसा चालंल?”

गुरुजींनी घड्याळ बघितलं. सव्वादहा झाले होते.

“मावशी, तुमच्या अंबाड्यातली येक पिन देता का जरा?”