बांधावरचा भुंगा, वाळूतला शिंपला

राजानंद : ...माझा शिंपला दिवसभर पाणी गाळतो, सुमे. समुद्र स्वच्छ ठेवतो. अन् तुझा भुंगा? पानं कुरतडतो. झालं संशोधन!

सुमेधा : तुझा शिंपला वाळूत रुतून बसतो अन् आयतं येईल ते गिळतो. रत्नागिरीला राहून तूही तसाच झालास, दादा. दिवाळीचा गेलेला आज उगवलास.

राजानंद : त्याला दोन मजबूत शिंपा असतात. बाजारात मागणी असते. तुझ्या किड्याला कोण विचारतं?

सुमेधा : भुंग्याच्याही पाठीवर दोन ढाली असतात, खाली पंख. तुझ्या शिंपल्याला म्हण, जरा उडून दाखव.

राजानंद : उडून जाणार कुठं? या धावडा गावातच ना!

(वडील सर्जेराव फवारणीचा पंप घेऊन ओसरीवर येतात.)

सर्जेराव : ह्यो पंप कोणी काढला रे? अजून वल्ला हाये.

राजानंद : मी, आबा. सकाळी बांधावर गेलो होतो. गाजरगवतावर किडेच किडे! पिवळट, पाठीवर काळे पट्टे. कपाशीवर चढायच्या आत औषध मारलं. एक शिल्लक ठेवला नाही.

सर्जेराव : समदे मारले?

राजानंद : किडेच ना ते.

सुमेधा : माझे भुंगे होते ते! भोकरदनच्या रस्त्यावरून वेचून, बाटलीत भरून आणलेले. गाजरगवत सोडून कपाशीला तोंडसुद्धा लावत नाहीत. आल्यापासून आबांचे हात तरी बघितलेस का?

राजानंद : हातांना काय झालं?

सर्जेराव : काय न्हाई. गवत उपटून राह्यलो, त्यानं खाज उठती. कातडं निघतंय. डॉक्टर म्हणला, गवताला बिलकुल हात लावू नका. मंग पोरीनं भुंगे आणले. गवत कमी व्हाया लागल्तं.

राजानंद : मला कुणी सांगितलं नाही.

सुमेधा : तू विचारलंस कधी? समुद्राच्या तळाचं ओळखतोस, घरच्या बांधावरचं नाही. अन् म्हणे प्राणिशास्त्रातला डॉक्टर!

राजानंद : मी उपटतो सगळं गवत. आत्ताच.

सर्जेराव : अन् तुझे हात असे झाल्यावर? बस गप. तुझ्यापरीस तुझा शिंपला बरा. कळत न्हाई तिथं मिटून तरी बसतो.

राजानंद : मग काय करू, आबा?

सर्जेराव : भोकरदनच्या रस्त्याला अजून भुंगे हायेत. हिच्या मागं गाडीवर बस अन् जा. वेचील ती. तू बाटली धर.