डोळे तेवढे उघडे

त्वचेच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. मागच्या बाकावर एक नवरा-बायको.

"डोंगरावर ऊन नुसतं मी म्हणत होतं, पण उन्हापासून वाचवणाऱ्या या कपड्यांमुळे माझ्या अंगावर साधं पुरळही उठलं नाही!"

"पण त्यात सगळे एकसारखे दिसतात गं. टोपी, हातमोजे, डोळ्यांपर्यंत फडकं."

"मग?"

"रागावणार नाहीस ना? चढावर तुझा म्हणून मी तुझ्या मैत्रिणीचा हात धरला. थेट वरपर्यंत."

"आणि तुला कळलं नाही?"

"ती चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, तू रुसलीयस."

"थांब. मग माझा हात कोणी धरला होता?"

"तुझा?"

"वळणावळणाला थांबून पाणी देत होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती."