बोटुकल्यांना ताजी हवा

"मावशी, पिशवी ढिली कशी झाली?"

साकोलीहून एकोडीला निघालेल्या एसटीत मागे बसलेल्या रीताचे कान पुढच्या सीटकडे लागले. मंदाबाईंच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत पाणी आणि तलावात सोडायची माशांची बोटाएवढी पिल्लं, बोटुकल्या. शेजारी भाचा निकेश.

"गाठ सोडली थोडी. जीव घुसमटून राहिला होता त्यायचा. ताजी हवा दिली."

"अवो, सिलेंडरमधला निव्वळ ऑक्सिजन भरला होता त्यात! तो वरून दाबे, म्हणून पाण्यात उतरे. साध्या हवेत त्याचा पाचवा हिस्सा."

"मंग बांध ना गाठ!"

"आता काय बांधू? उडाला तो. समुद्राचं बी असंच हाय. वर धुराचा वायू वाढला का पाण्यात जास्त घुसते, पाणी आंबटावते, शिंपल्यायचे कवच झिजते."

"समुद्र राहू दे बापा! हे पाय, वर येऊन तोंड उघडून राहिले."

"पाणी बी तापलं. तापल्या पाण्यात श्वास जलदी चालते."

"बचत गटाच्या बायायनं माह्या भरवशावर सोपवले ना रे. एकोडीपर्यंत टिकतीन?"

"नाही टिकत."

खिडकीबाहेर पाणी चमकलं. रीताही वाकून पाहू लागली.

"हा तलाव कोणाचा?"

"त्याच गावचा, ज्यायच्याशी मासेमारीवरून आपलं भांडण हाय."

"तिथं सोडले तं जगतीन?"

"जगतीन."

"कंडक्टर भाऊ, बेल मारा!"

"मावशी! बाया काय म्हणतीन?"

"मले म्हणतीन. तू पिशवी धर अन् उतर."